तांडेलाची वाटी

परवा मायको सर्कलवरून रिक्षाने येत होतो. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण आम्हा नाशिककरांसाठी चौक मायकोचाच राहिला. सातपूरच्या त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल्स बनतात. ती पाहिली की मला हर्णैचा समुद्र आठवतो.

रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ साली पेटंट मिळालं. त्यांच्या इंजिनात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागे आणि त्यासाठीच्या कॉम्प्रेसरमुळे यंत्र फार अवजड होई. १९२७ साली जर्मनीत बॉशचा इंधनपंप कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. अशा पंपांमुळे डिझेल इंजिन पुढे ट्रकमध्ये, शेतात आणि मासेमारीच्या होडीतही मावू लागलं. मात्र या पंपातली आणि नोझलमधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. तिथे कचरा गेला की ओरखडे पडतात, पाणी गेलं की गंज चढतो. म्हणून वाटेत फिल्टर हवाच.

१९८६ साली शाळेची सहल घेऊन मी हर्णैला गेलो होतो. सुवर्णदुर्गला नेणारे तांडेल सकाळी इंजिनापाशी वाटी घेऊन बसले होते. "मामा, चला लवकर, मुलं खोळंबलीत," म्हणून मीच घाई केली. परतताना लाटा वाढल्या, टाकीतला तळ ढवळला गेला आणि इंजिन बंद पडलं. होडीत अठरा मुलं. मला घाम फुटला.

तांडेल शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सकाळचं पाणी आता काढतो." त्यांनी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला. रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी साचतं. ते वाटीत आलं. स्वच्छ डिझेल येताच स्क्रू आवळला. मग वरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. इंजिन सुरू झालं.

मुलांना मी शोध, शोधक आणि सन शिकवत आलो होतो. ते यंत्र रोज चालतं ठेवणारा माणूस माझ्या धड्यात नव्हताच, आणि त्या सकाळी त्याच्या कामात मीच आडवा आलो होतो. पुढच्या वर्षापासून डिझेलचा धडा मी वाटीपासून सुरू केला.