पॅरालीगल : पदवी निवडताना ‘क्रेडिट’ पाहा

कायद्याच्या क्षेत्रात काम करायचे तर वकीलच व्हायला हवे, असा समज आहे. अमेरिकेत मात्र वकिलाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या ‘पॅरालीगल’ला व्यावसायिक स्थान आहे.

कामाचे स्वरूप : दस्तऐवजांचे मसुदे करणे, जुने निवाडे शोधणे, अशिलांकडून माहिती घेणे आणि खटल्याची कागदपत्रे सिद्ध ठेवणे ही प्रमुख कामे होत. कायदेशीर सल्ला देणे किंवा न्यायालयात बाजू मांडणे हे सर्वसाधारणपणे वकिलाचेच अधिकारक्षेत्र आहे.

अभ्यासक्रम : कम्युनिटी कॉलेजमधील असोसिएट पदवी सुमारे ६० क्रेडिटची असून पूर्ण वेळ शिकल्यास साधारण दोन वर्षांत मिळते. कायदेविषयक संशोधन व लेखन, दिवाणी प्रक्रिया, करार, व्यावसायिक नीती हे त्यातील मुख्य विषय. अमेरिकन बार असोसिएशन १९७५ पासून अशा अभ्यासक्रमांना मान्यता देत आहे. ही मान्यता ऐच्छिक असली, तरी दर्जाची खूण मानली जाते.

क्रेडिटचे हस्तांतरण : चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. त्यामुळे पहिले ६० पुढे ग्राह्य धरले जातील का, हा कळीचा प्रश्न ठरतो. ‘असोसिएट ऑफ आर्ट्स’ व ‘असोसिएट ऑफ सायन्स’ पदव्यांची रचना बहुधा पुढील शिक्षणाला पूरक असते. ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही प्रामुख्याने नोकरीसाठी असते. तिचे अनेक क्रेडिट विद्यापीठे नाकारू शकतात, आणि मग वर्ष व शुल्क दोन्ही वाया जाते. बार असोसिएशनची मान्यता म्हणजे हस्तांतरणाची हमी नव्हे. दोन संस्थांमध्ये लेखी करार आहे का आणि कोणता विषय कशाऐवजी धरला जाईल, हे प्रवेशापूर्वीच तपासावे.

पात्रता : बहुतेक राज्यांत परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र २००१ पासून शिक्षण वा अनुभवाची अट कायद्यानेच घातलेली आहे. राष्ट्रीय पातळीवरील ‘सर्टिफाइड पॅरालीगल’ परीक्षा ऐच्छिक आहे. ही पदवी वकिलीची सनद देत नाही. विधी महाविद्यालयातील प्रवेशासाठी सहसा चार वर्षांची पदवी आवश्यक असते.

मराठी कुटुंबांसाठी : एच-४ व्हिसावर अमेरिकेत गेलेल्यांना शिक्षण घेता येते, नोकरीसाठी मात्र वेगळी परवानगी लागते. भारतातील विधी सेवा प्राधिकरणांचे ‘पॅरालीगल स्वयंसेवक’ ही निराळी, सेवाभावी योजना असून तिच्याशी या पदवीचा संबंध नाही.