वाई

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे एक जुने नगर व त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. ३६,००० (२०११). साताऱ्याच्या वायव्येस सु. ३५ कि.मी. अंतरावर, पसरणी घाटाच्या पायथ्याशी ते वसले असून पांडवगड व वैराटगड हे किल्ले त्याच्या आसमंतात आहेत. महाभारतातील विराटनगरी ती हीच, असे स्थानिक परंपरा सांगते. तीस ऐतिहासिक आधार नाही. मात्र जवळच्या लोहारे गावच्या डोंगरातील पालपेश्वर लेण्यांवरून या परिसरात प्राचीन काळी बौद्ध वसती होती, हे निश्चित होते. तेथील स्तूपाचा अवशेष पुढे शिवलिंग म्हणून पूजिला जाऊ लागला.

आदिलशाहीत वाई हे सुभ्याचे ठाणे होते आणि अफजलखान तेथील सुभेदार होता. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाताना त्याचा तळ वाईस होता. त्याच्या वधानंतर (१० नोव्हेंबर १६५९) हा मुलूख शिवाजी महाराजांकडे आला. या संकटाच्या वेळी गावातील शेंडे घराण्यातील एका शास्त्र्याने कृष्णामाईस नवस केला व त्यातून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, असे मानतात. कथेची छाननी करणे कठीण असले, तरी गावाचे सामुदायिक जीवन ज्या उत्सवाभोवती गुंफले गेले तो हाच. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी व भीमकुंड आळी अशा सात आळ्यांचे सात घाट आहेत. हिवाळ्याच्या अखेरीपासून एकामागून एक घाटावर देवीची मूर्ती मांडवात बसवितात. कीर्तन, भजन, प्रसादाच्या पंगती होतात आणि एका आळीचा उत्सव संपला की मान दुसरीकडे जातो. खर्च व व्यवस्था ज्या त्या आळीने पाहावयाची असते. नगरपालिकेच्या कितीतरी आधीपासून गावास एकत्र काम करण्याची सवय लागली ती या पाळीच्या पद्धतीने.

वाईचे आजचे रूप प्रामुख्याने पेशवाईतील आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई वाईच्या रास्ते घराण्यातील. या सोयरिकीमुळे रास्त्यांचा उत्कर्ष झाला आणि त्यांनी घाट व देवळे बांधून नदीचा काठ घडविला. काशीविश्वेश्वराचे देऊळ (१७५७) आनंदराव रास्ते यांनी, तर गणपतीचे (१७६२) गणपतराव रास्ते यांनी बांधले. भव्य मूर्तीमुळे लोक त्यास ‘ढोल्या गणपती’ म्हणतात. देऊळ अगदी पात्रालगत असल्याने पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची केली आहे. नदीचा स्वभाव ओळखणाऱ्या गवंड्यांची ही करामत होय. जवळच्या मेणवलीस नाना फडणीसांचा वाडा व घाट असून तेथे वसईच्या मोहिमेत (१७३९) मिळालेली पोर्तुगीज घंटा आहे.

पेशवाईतील ही दानधर्माची व पारंपरिक विद्येची परंपरा विसाव्या शतकात वेगळ्याच दिशेने वळली. नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांनी चालविलेल्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा भावे काही काळ शिकले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. शास्त्रांचा अभ्यास धर्मसुधारणेसाठी करावा, ही तेथील दृष्टी. महात्मा गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या चळवळीत तर्कतीर्थांनी शास्त्राधार पुरविले. धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी विश्वकोशाचे कामही वाईतूनच चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. लोकमान्य टिळक स्मारक संस्थेच्या वसंत व्याख्यानमालेमुळे सामान्य नागरिकांसही या विद्याव्यासंगाचा लाभ होतो.

तालुक्यात हळद व ऊस ही नगदी पिके घेतली जातात. हळदीच्या व्यापारासाठी वाईची पेठ प्रसिद्ध आहे. मेणवलीचा घाट व परिसर चित्रपटांच्या चित्रीकरणामुळेही परिचित झाला.

गावाच्या वरच्या अंगास सु. ८ कि.मी.वर धोम येथे कृष्णेवर धरण झाल्यापासून (१९७०–८० च्या दशकात) शेतीस पाणी मिळाले; पण नदीचे वाहणे आता विसर्गाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. वाढत्या वस्तीचे सांडपाणी पात्रात मिसळण्याचा प्रश्नही मोठा आहे. कृष्णाबाईचा उत्सव मात्र सातही घाटांवर आपापल्या पाळीने होतो आणि त्या दिवसांत परगावी गेलेली कुटुंबे आपल्या आळीच्या पंगतीस येतात.