मेंदूज्वर, पण नेमका कोणता?

तापलेल्या मुलाला एकाएकी झटके येतात, शुद्ध हरपते. शिरूर असो वा दौंड, गावात त्याला ‘मेंदूज्वर’ म्हणतात. पण हे कारणाचे नाव नव्हे. जीवाणू असतील किंवा अनेक विषाणूंपैकी एखादा. नुसत्या लक्षणांवरून ते ठरत नाही.

१८९१ साली जर्मनीत क्विंके या डॉक्टरांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत दाखवली. ते गढूळ असेल, त्यात साखर कमी असेल, तर जीवाणूंचा संशय घेतात. स्वच्छ असेल, तर बहुधा विषाणू. पण कोणता?

हे शोधणारी संस्था १९५२ पासून पुण्यातच आहे; तिचे आजचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ असताना दोन रुग्णांच्या रक्तात तिथल्या शास्त्रज्ञांना एक अनोळखी विषाणू सापडला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याचे नाव पडले. तेव्हा तो फारसा घातक वाटला नाही. तरी त्याची ओळख नोंदवली गेली.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली. पुण्यात नमुन्यांतला विषाणू पेशींवर वाढवला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीसारखा दिसला. पुढील चाचण्यांत चांदीपुराच ठरला. अडतीस वर्षांपूर्वीची नोंद नसती, तर ताडून पाहायचे कशाशी?

चांदीपुरावर आजही नेमके औषध नाही. जीवाणूजन्य मेंदूज्वरावर आहे, पण ते लवकर मिळायला हवे. म्हणून वर्गातल्या तापलेल्या मुलाला झटके आले, तर उद्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.