मळवलीचा छापखाना

मंडळी, भाजे-कार्ल्याची लेणी बघायला नाहीतर लोहगडावर जायला आपण चिंचवडहून लोकल पकडतो आणि मळवलीला उतरतो. याच मळवलीत राजा रविवर्म्यांचा छापखाना होता! कुणाच्या आजोळी जुनी लक्ष्मी-सरस्वती असेल तर चष्मा लावून तळाची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच चित्रांवर 'कार्ला-लोणावळा' सापडेल.

१८९४ मध्ये छापखाना मुंबईत सुरू झाला, यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पुढे प्लेगच्या दिवसांनंतर मुंबई सुटली आणि तो इकडे आला. पुण्याची चित्रशाळा तर १८७८ पासूनच रंगीत चित्रं छापत होती, पण तो वेगळा विषय. असो.

काम होतं शिळाछापाचं. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने नाहीतर शाईने उलटं चित्र काढायचं. दगड ओला केला की छपाईची शाई फक्त तेलकट जागी धरते. आता रंगीत चेहरा घ्या. गालाचा गुलाबी, कपाळाचा पिवळा, हनुवटीखालची तपकिरी सावली... प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि त्यावर हाताने बारीक ठिपके. मूळ तैलचित्रातून रंग वेगळे करायचे ते निव्वळ नजरेने. एखादा दगड केसभर सरकला की देवीचे डोळे तिरळे!

हे ठिपके देणाऱ्यांचं नाव चित्रावर नाही. सही रविवर्म्यांची. आपल्या भोसरीत डाय बनवणाऱ्याचं नाव गाडीवर कुठे असतं? तसंच.

पण मालकालाही यात काय मिळालं बघा. बडोद्याच्या सयाजीरावांनी चौदा पौराणिक चित्रांचे ५०,००० रुपये दिले होते. आणि कर्जात रुतलेला हा अख्खा छापखाना, ८९ चित्रं छापायच्या हक्कांसकट, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला २५,००० रुपयांत गेला! राजवाड्यातल्या चौदा चित्रांच्या निम्म्यात, घराघरांत पोचलेली ८९. मला हा हिशेब अजून पचलेला नाही.

श्लायशर मात्र व्यवहारी माणूस. त्याने देवांच्या जोडीला मालाची लेबलंही छापली आणि धंदा चालवला. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं, मग स्वतःचा छापखाना काढला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला.

मळवलीचा कारखाना १९७२ च्या आगीत गेला.