ताप उतरला, जंतू तिथेच

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेन्च, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालेसुद्धा. (एवढी घाई नोबेल समिती सहसा करत नाही!)

त्याच वर्षी कास, इंगबार व फिनलंड यांची न्यूमोनियाच्या रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध झाली. त्यांनी एसीटीएच हे संप्रेरक दिले होते. त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवते. ताप झपाट्याने उतरला, रुग्णांना बरे वाटू लागले. जंतू मात्र शरीरात टिकून होते.

असे का व्हावे? ताप आणि सूज ही शरीराने जंतूंना दिलेल्या प्रतिसादाची लक्षणे. स्टेरॉइड तो प्रतिसादच दाबते. गंमत म्हणजे रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडणे त्यांना जमेनासे झालेले असते. अशा वेळी फुप्फुसातला सुप्त क्षयजंतूही डोके वर काढू शकतो. म्हणून दीर्घकाळ स्टेरॉइड देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. पण घाबरून गोळ्या एकदम थांबवणेही धोक्याचे. आयत्या पुरवठ्याने सुस्तावलेली अधिवृक्क ग्रंथी पूर्ववत व्हायला कित्येकदा महिने लागतात.