लांडगा आणि कायदा

रानांतील श्वापदाचा इतिहास कायद्याच्या ग्रंथांतून वाचावा लागावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें; परंतु अमेरिकेंतील लांडग्याची गेल्या शंभर वर्षांची हकीकत अशीच आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांतील अखेरचे लांडगे १९२६ सालीं मारले गेले, आणि ते मारले खुद्द उद्यानाच्या रक्षकांनीं! पुढें १९७३ च्या संकटग्रस्त प्राण्यांविषयींच्या कायद्यानें वारें पालटलें, आणि १९९५ व १९९६ च्या हिवाळ्यांत कॅनडांतून आणलेले ३१ लांडगे त्याच उद्यानांत सोडण्यांत आले.

वंश वाढला, तसा गुरांच्या मालकांचा संतापहि वाढला. तो सर्वस्वीं अनाठायीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें वासरूं गेलें त्याला अरण्याची शोभा काय सांगावी? लांडग्याचें संरक्षण सरकारनें काढून घेतलें, तें २०१० सालीं मोंटानांतील न्यायाधीश डोनल्ड मॉलॉय यांनीं पुन्हां बहाल केलें. यावर २०११ च्या एप्रिलांत अमेरिकन काँग्रेसनें, म्हणजे तेथील विधिमंडळानें, जी युक्ति योजिली ती कायद्याच्या अभ्यासकानें मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सरकारी खर्चाच्या विधेयकाच्या पोटांत एक लहानसें कलम घालून मोंटाना व आयडाहो येथील लांडग्यांचें संरक्षण काढून टाकण्यांत आलें, आणि न्यायालयांनीं याची छाननी करूं नये, असेंहि त्यांतच नमूद केलें गेलें. विधिमंडळानें स्वतः एखादा प्राणी त्या यादींतून वगळल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

उर्वरित बहुतेक प्रदेशांतील संरक्षण जानेवारी २०२१ मध्यें संपलें. विस्कॉन्सिन राज्यांत तें उठतांच शिकारीचा हंगाम भरविलाच पाहिजे, असा २०१२ चा कायदा होता. एका शिकारी संस्थेनें न्यायालयांत धांव घेऊन तो फेब्रुवारींत, ऐन लांडग्यांच्या मीलनाच्या दिवसांत, भरवावयास लाविला. शिकाऱ्यांना मर्यादा ११९ ची. तीन दिवस पुरे होण्यापूर्वींच २१८ लांडगे पडले! बर्फावर ताजीं पावलें, पुढें शिकारी कुत्रे, आणि हंगाम बंद करण्यापूर्वीं २४ तासांची सूचना देण्याचें राज्यावर बंधन. मर्यादा टिकणार कशी?

याच राज्यांतील ओजिब्वे लोकांच्या वांट्याला ८१ लांडगे आले होते. त्यांनीं तो वांटा मागून घेतला तो राखण्यासाठीं. लांडग्याला ते 'माइंगन' म्हणतात. त्यांच्या सृष्टिकथेंत तो आदिमानवाचा भाऊ आहे, आणि जें एकाच्या नशिबीं तेंच दुसऱ्याच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. कोणी तिला भाबडी म्हणेल. पण त्या तीन दिवसांत मर्यादा पाळली ती या श्रद्धेनें, हें विसरतां येत नाहीं.

१० फेब्रुवारी २०२२ रोजीं कॅलिफोर्नियांतील न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनीं नवा निर्णय रद्द करून संरक्षण परत दिलें. मोंटाना व आयडाहो येथें मात्र तें पोहोंचलें नाहीं. तेथील दार विधिमंडळानें अकरा वर्षांपूर्वींच लावून घेतलें होतें. त्याच हिवाळ्यांत यलोस्टोनच्या कळपांतील वीसांहून अधिक लांडगे उद्यानाची सीमा ओलांडल्यावर मारले गेले, आणि त्यांतील बहुतेक मोंटानांत.