नाखवा, मुअल्लिम आणि कागद

चैत्रात मळवली स्टेशनवर लोकल थांबली की उतरणाऱ्या गर्दीत समुद्राकाठची माणसं जास्त दिसतात. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी कार्ल्याच्या एकवीरेला निघालेले असतात. सह्याद्रीवर राहणारी देवी दर्याकाठच्या लोकांची कुलदैवत कशी, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्या गर्दीतला एक शब्द जास्त खेचतो, तो म्हणजे ‘नाखवा’. होडीचा मालक, तिचा कर्ता पुरुष. मूळ फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा खुदा, नावेचा धनी. कोळीवाड्यात तो मानाचा शब्द आहे आणि कोकणी मुसलमानांत आडनाव. ‘तांडेल’ तर दोन्हीकडे आडनाव म्हणून सापडतं.

अकबराच्या काळी अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सरहंग (आपला सारंग), भंडारी, सुक्कानगीर वगैरे. यातला मुअल्लिम म्हणजे आजच्या भाषेत पायलट. समुद्राची खोली आणि आकाशातले तारे ओळखून जहाजाला मुक्कामी नेणारा. मदरशात मुलांना शिकवणारा मुअल्लिम आणि भर समुद्रात वाट दाखवणाराही मुअल्लिम. ‘सुकाणू’ हा आपला शुद्ध मराठी वाटणारा शब्दही अरबी ‘सुक्कान’वरून आला आहे. राजकीय भाषणांत ‘देशाचं सुकाणू’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

या लोकांना रस्ता जितका पाठ असावा लागे, तितकाच कागद सांभाळावा लागे. जहाज कुणाचं, माल कुणाचा, परवाना कुणाचा, हे विचारणारा कुणीतरी प्रत्येक खाडीच्या तोंडाशी उभा असे. ही गोष्ट मळवलीपासून सुरू करण्याला कारण आहे. एकवीरेच्या देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचे यवन आहेत, सोपाऱ्याचा एक जण आहे. कल्याण, सोपारा, चौलच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने वर चढे आणि व्यापारी या लेण्यांच्या अंगणातून जात.

याच सुमाराला, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे बंदरांच्या वाटांचं पुस्तक लिहिलं. त्यात दोन नोंदी आहेत. भडोचच्या आखातात भरती-ओहोटी भयंकर, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पुढे येतात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत बंदरात आणतात. दुसरी नोंद कल्याणची. तिथे पूर्वी रीतसर व्यापार चाले, पण सत्ता बदलल्यावर अडथळे आले आणि चुकून तिकडे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. क्षहरात आणि सातवाहन यांच्या भांडणात जहाजाचा नाखवा सापडला, इतकाच याचा अर्थ. कोणत्या बंदराला लागायचं हे वारा ठरवत नव्हता, राजा ठरवत होता.

तरीही पुढची हजार-बाराशे वर्षं हा समुद्र बराच मोकळा राहिला. जकात असे, चाचे असत, पण पाण्यावर मालकी सांगणारा कुणी नव्हता. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदी चौलला, म्हणजे अरबांच्या सैमूरला आला, तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचं तो लिहितो. ओमान, बसरा, बगदादहून आलेले, इथेच जन्मलेले. त्यांचा मुखिया त्यांच्यातलाच असे आणि त्याला नेमत असे हिंदू राजा.

१४९८ साली वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला आणलं तेही एका मुअल्लिमने. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता, ही कथा अजून शाळेत सांगितली जाते. अभ्यासकांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. तो बहुधा गुजराती होता. चार वर्षांनी, १५०२ मध्ये, गामा पुन्हा आला आणि मक्केहून परतणारं ‘मीरी’ नावाचं जहाज त्याने बायका-मुलांसह जाळलं. त्यानंतर आला तो कागद.

पोर्तुगीज त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. शब्द अरबीच आहे, ‘क़िर्तास’. सूरह अल-अनआममध्ये तो येतो, लिहिण्याचा कागद या अर्थाने. या कार्ताझवर जहाजाचं नाव, नाखुद्याचं नाव, आकार, शस्त्रं, कुठून कुठे जाणार हे सगळं लिहिलेलं असे. मिरी न्यायची नाही, तुर्कांना चढवायचं नाही, जाता-येता पोर्तुगीजांच्या ठाण्यावर जकात भरायची. कागद नसला तर जहाज जप्त आणि माणसं ठार किंवा गुलाम. आपल्याच समुद्रात, आपल्याच जहाजावरून जायला परक्याचा परवाना. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाहीही तो घेत असे. १५७३ मध्ये गुजरात जिंकल्यावर अकबराच्या नशिबीही तेच आलं. जमिनीवरच्या शहेनशहाला हजच्या जहाजासाठी गोव्याकडे पाहावं लागे. त्याची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये हजला निघाली, तेव्हा परवान्यावाचून तिला सुरतेत कित्येक महिने अडकून पडावं लागलं.

त्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट बदायूनी सांगतो. कार्ताझवर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. दरबारातले मोठे आलिम मख़दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी फतवा दिला की सध्या हज फर्ज़ नाही. खुष्कीच्या वाटेवर शिया किज़िलबाश आहेत आणि समुद्राच्या वाटेवर चित्रांचा कागद जवळ बाळगावा लागतो, तो म्हणजे मूर्तिपूजेत सामील होणं. मला हा फतवा वाचताना त्या आलिमापेक्षा मुअल्लिमाची आठवण जास्त येते. त्याने तो कागद कमरेला बांधूनच शेकडो हाजी पलीकडे पोचवले. मरियम आणि ईसा आपल्यालाही आदरणीय, पण चित्र नको आणि जुलूम तर नकोच. तरी हाजी पोचले पाहिजेत. फतवा दरबारात बसून देता येतो, जहाज देता येत नाही. पुढे अकबराची आणि या मख़दूमसाहेबांची बिनसली आणि बादशहाने त्यांची रवानगी मक्केलाच केली. हज फर्ज़ नाही म्हणणाऱ्यावर हजची सक्ती झाली.

बरं, कागद असला म्हणजे जीव सुरक्षित, असंही नव्हतं. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं. त्याच्याकडे कार्ताझ होता. जहांगीरने दमणला वेढा घालायला फौज पाठवली, आग्र्याचं चर्च बंद केलं. सामान्य व्यापाऱ्याच्या जहाजाचं असं झालं असतं तर ते कुठल्या बखरीत आलंही नसतं.

मराठ्यांनी समुद्रात पाय घट्ट रोवले तेव्हा कागद आपलाही झाला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान सरदार होते आणि मायनाक भंडारी होता. पुढे कान्होजी आंग्रे दस्तक देऊ लागले. आमच्या पाण्यातून जायचं तर आमचा दस्तक हवा. इंग्रज म्हणत, आमच्या झेंड्याखाली जो माल आहे तो आमच्या पासावर जाईल. आंग्रे विचारत, झेंडा तुमचा, पण माल देशी व्यापाऱ्याचा, त्याचं काय? प्रश्न रास्त होता. इंग्रजांनी उत्तर म्हणून त्यांना ‘चाचा’ ठरवलं आणि ते नाव इंग्रजी पुस्तकांत अजून टिकून आहे. पास पोर्तुगीजांनी मागितला तर राज्यकारभार आणि कान्होजींनी मागितला तर चाचेगिरी.

वाफेची जहाजं आली आणि मुअल्लिमाच्या जागी गोरा अधिकारी आला. रत्नागिरीकडचे मुसलमान पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून चढले. त्यांच्या हातात नवा कागद आला, सेवेची नोंद असलेलं पुस्तक, त्याला ते ‘नली’ म्हणत. १९२५ मध्ये ब्रिटनने रंगीत परदेशी खलाशांसाठी एक हुकूम काढला. ब्रिटिश प्रजा असल्याचा लेखी पुरावा दाखवा, नाहीतर परका म्हणून पोलिसांत नाव नोंदवा. ग्लासगोसारख्या बंदरांत हिंदी खलाशांनाही तो लावला गेला. ते ब्रिटिश प्रजाच होते, पण नली हा पुरावा मानला जात नव्हता. बंदरातल्या पोलिसापुढे ते अचानक कुणाचेच नव्हते. हा हुकूम १९४२ मध्ये मागे घेतला गेला, म्हणजे युद्धात त्याच खलाशांची गरज लागली तेव्हा.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे आले ते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मासेमारी बोटीतून. तिच्या तांडेलाला त्यांनी मारून टाकलं. बोट भारतीय होती, नोंदणी भारतीय होती, म्हणून ती कुणाच्या डोळ्यात आली नाही. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं मिळाली, होड्यांना राज्यवार रंग ठरले. आता भर समुद्रात तटरक्षक दलाची बोट आडवी आली की नाखवा आधी इंजिन बंद करतो, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड वर काढतो. पिशवीत बऱ्याचदा एकवीरेचा फोटो असतो. मुसलमान तांडेल असला तर आयतुल कुर्सी.